कंपनीच्या कँटीनमधले उपवास

माझी धाकटी जाऊ यशोधरा. तिचं सांगताना माझं डोकं फिरतं, ते आधीच सांगून ठेवते.

आमी बौद्ध. नेकनूरहून एसटीनं चौसाळ्याकडच्या तेलाच्या कंपनीत दोघी पॅकिंगला जायचो. यशोधरा बोलायला कमी, पण हाताला चव लई. घरी कुटलेल्या येसर मसाल्याच्या तिच्या आमटीपायी पॅकिंगमधलीच सत्यशीला, पाटलाची सून, रोज जेवणाच्या सुट्टीत गोदामामागं आमच्या दोघींत येऊन बसायची. डबा बोटानं पुसून खायची. दोघींचं सख्ख्या बहिणींवानी होतं.

मग पुण्याहून हुकूम आला, डायव्हर्सिटी का काय ते. सगळ्या जातीधर्माची माणसं कंपनीत बरोबरीनं वागणार म्हणे! मॅनेजर अमरसिंहसायबांनी सभा घेतली, सुरुवात कँटीनपासून करू, ते चालवायला कुणाला द्यायचं सांगा म्हणाले. सत्यशीलाच उठली. "यशोधराला द्या की सायेब! असली आमटी अख्ख्या तालुक्यात न्हाई." टाळ्या पडल्या.

मी घरी म्हणलं, "बाई गं, पक्की नोकरी सोडू नको." यशोधरा म्हणली, "सत्यशीला हाय ना." आणि तिनं पॅकिंग सोडलं.

पहिल्या दिवशी पुण्याचे सायेब आले. सत्यशीलानं ताट हातात धरून फोटो काढला आन् ताट तसंच खाली ठेवलं. म्हणली, आज उपवास हाय. दुसऱ्या दिवसापासून कुणाचा सोमवार, कुणाची चतुर्थी, कुणाचं पोट बिघडलेलं. आगं, मंगळवारी कुणाचा सोमवार असतो? आन् गेटवरच्या गाड्यावर भजी खाल्ली तर ह्यांचे उपवास मोडत न्हाईत व्हय? माझ्या जावेनं रोज भाकरी थापल्या आन् गार झालेल्या घरी आणल्या.

महिनाभरात सायबांनी बोलावलं. "लोकच जेवत नाहीत बाई, कंपनी काय करणार?" पॅकिंगची तिची जागा तवर भरलेली. फोटो मात्र ऑफिसात टांगलाय.

निघताना यशोधरानं सत्यशीलाला गेटबाहेर गाठलं. डोळे भरलेले. "कावून गं? इतकी वर्षं माझ्या हातचं खाल्लंस. तूच माझं नाव घेतलंस."

सत्यशीलानं आधी आजूबाजूला बघितलं. "तवा आपुन तिघीच असायचो. इथं सगळ्यांच्या पंगतीत बसून खाल्लं तर भावकीत तोंड कसं दाखवू? राग धरू नको." मग आवाज अजून खाली आणून म्हणली, "मसाला तेवढा कुटून देत जा. घरी सांगते, बीडहून इकत आणला."