चीर नसलेल्या पीसवरची लाल रेघ

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात क्वालिटी तपासणीला आहे. तपासल्याशिवाय मी घरचा चहाही पास करत नाही, असं बायको म्हणते...

मागच्या वर्षी शौचावाटे रक्त गेलं म्हणून कोलोनोस्कोपी केली. मोठ्या आतड्यातली छोटी गाठ दुर्बिणीतूनच काढली. रिपोर्टमध्ये कॅन्सर निघाला, अगदी सुरुवातीचा. गाठीच्या कडा साफ होत्या, पण एका बारीक रसवाहिनीत कॅन्सरच्या पेशी दिसल्या होत्या. त्या शेजारच्या ग्रंथींत, म्हणजे लिम्फ नोड्समध्ये, पोचल्या असतील किंवा नसतीलही, डॉक्टर म्हणाले. दुर्बिणीतून ते कळत नाही. त्यांचा कल ऑपरेशनकडे होता — आतड्याचा तेवढा भाग ग्रंथींसकट काढायचा.

मी अडून बसलो. गाठ गेली, स्कॅन साफ, मग चांगलं आतडं कशाला कापायचं? खरं तर मी घाबरलो होतो. संगीता, माझी बायको, समजावून थकली. शेवटी दुपारच्या सुट्टीत फोन करून नकार कळवायचं मी ठरवलं.

त्याच दिवशी सकाळी कस्टमरची माणसं यायची होती. वेल्डिंगची तपासणी दाखवायला आम्ही एक बिनचूक पीस वेगळा ठेवलेला असतो. लाल रंग लावायचा, पुसायचा, वर पांढरी पावडर मारायची. चीर असेल तर आत मुरलेला रंग वर येतो. या पीसवर कधीच काही आलं नव्हतं. त्या दिवशी मधोमध लाल रेघ उमटली.

"साहेब, रंग नीट पुसला न्हाई तुमी," आमचे जुने वेल्डर दत्ताभाऊ म्हणाले.

त्यांनी स्वतः धुऊन पुन्हा केलं. तीच रेघ, तिथेच. शेवटी पीस कापला, घासला, भिंगाखाली धरला... आत चीर नव्हतीच. एका पीसची खात्री करायला मी तो कापून पाहिला होता, आणि स्वतःला मात्र आत न बघताच पास करत होतो. दुपारी डॉक्टरांना फोन केला आणि ऑपरेशनची तारीख मागितली.

काढलेल्या ग्रंथींपैकी एकीत कॅन्सर निघाला. मग केमो झाली. सध्या तब्येत बरी आहे, तपासण्या चालू आहेत. डॉक्टरांना यात नवल वाटलं नाही. ही शक्यता त्यांनी आधीच सांगितली होती, आणि ते खरंच आहे.

रेघेचं कारण मात्र आजवर कुणाला सांगता आलेलं नाही. पण ती उमटली नसती, तर मी डॉक्टरांचं ऐकलं असतं का? याचं उत्तर मला ठाऊक आहे... आणि रेघेपेक्षा मला त्याचीच जास्त भीती वाटते.