थुंकायचं, चूळ भरायची नाही

यशोधराच्या डाव्या बाजूच्या तिन्ही दाढा तिशीच्या आतच उपटाव्या लागल्या होत्या. तेव्हापासून ती भाकरी उजव्या गालात सारूनच चावायची. त्यामुळे जुन्नरच्या प्रशिक्षणात दातांच्या डॉक्टरीणबाई बोलायला उभ्या राहिल्या, तेव्हा बाकीच्या अंगणवाडी सेविका कुजबुजत होत्या अन् यशोधरा एकटी वहीत उतरवून घेत होती. घासून झालं की फेस थुंकायचा, पण लगेच पाण्यानं चूळ भरायची नाही. पेस्टमधलं औषध दातांवर राहायला हवं, चूळ भरली की ते वाहून जातं. एवढी साधी गोष्ट आपल्याला कुणी सांगितलीच नाही, असं तिच्या मनात आलं.

जुन्नर तालुक्यातल्या आणे पठारावरल्या एका वस्तीत ती एकोणीस वर्षं अंगणवाडी चालवत होती. विहाराशेजारच्या चार बौद्ध घरांतलं एक घर तिचं. गावातल्या निम्म्या पोरांना पाटीवर पहिला 'अ' तिनंच गिरवायला लावलेला. सगळे तिला 'बाई' म्हणायचे, लग्नकार्याला बोलवायचे, अन् पंगतीत ती आपणहून कडेला बसायची. तसं तिला कुणी सांगितलेलं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी तिनं चौदा पोरांना पायरीवर बसवून दात घासायला लावले. "थुंकायचं, चूळ भरायची नाय," ती म्हणाली, अन् पोरांना मोठी गंमत वाटली.

चौथ्या दिवशी बयाबाई आली. तिची नात अक्षदा अंगणवाडीत होती. घरी सकाळी अक्षदा चूळ न भरताच देवापुढचा प्रसाद खायला गेली, अन् हटकल्यावर म्हणाली, बाईंनी सांगितलंय.

"ह्ये काय शिकवतीस गं पोरांना?" बयाबाई दारातूनच बोलली. "खरकट्या तोंडानं पोर देवापुढं जाती. तुमच्यात चालत आसंल, आमच्यात न्हाई चालत."

यशोधरानं वही आणून दाखवली. "बयाबाई, डॉक्टरांनी सांगितलंय. ह्यानं दात किडत नायीत."

"आमाला सवच्छता तू शिकवणार व्हय?"

यशोधरानं वही मिटून काखेत धरली.

आठवड्यात तिच्याविरुद्ध तालुक्याच्या ऑफिसात अर्ज गेला. खाली बावीस सह्या अन् अंगठे होते. निम्म्या सह्यांची अक्षरं तिनंच वळवून दिलेली, ती तिनं एकेक ओळखली. पाच घरांनी पोरं पाठवणं बंद केलं. मग पर्यवेक्षिका मॅडम गाडी करून आल्या. त्यांनी यशोधराला बाजूला घेतलं.

"यशोधराताई, तुमचं चुकलंय असं मी म्हणत नाही. पण गावाशी वाद कशाला? लिहून द्या अन् मोकळ्या व्हा."

'मी बालकांना अस्वच्छ सवय लावली. यापुढे चूळ भरावयास लावीन.' मॅडमनी सांगितलं, तिनं लिहिलं. शुद्धलेखनाची एकही चूक केली नाही. दुसऱ्या दिवशी बयाबाईसमोर प्रत्येक पोराला तांब्याभर पाणी देऊन खळखळून चूळ भरायला लावली.

दोन वर्षांनी शाळेत दंततपासणीचं शिबिर भरलं. पुण्याहून तरुण डॉक्टरीण आली होती. तिनं प्लास्टिकचे मोठे दात हातात धरून बायांना समजावलं, घासल्यावर थुंका, चूळ भरू नका. बयाबाई पुढच्या रांगेत बसून मान डोलवत होती. यशोधरा डॉक्टरांसाठी चहा घेऊन उभी होती.

शिबिर आटोपल्यावर तिला राहवलं नाही. "बयाबाई, मी ह्येच सांगितलं व्हतं."

"आगं, ती डॉक्टर हाय," बयाबाई म्हणाली. आवाजात रागही नव्हता. "तुझं अन् तिचं कसं एक व्हईल?"

संध्याकाळी मॅडमचा फोन आला. शिबिराप्रमाणे आता मुलांना शिकवा, फोटो काढून ग्रुपवर टाका.

"मॅडम, मी लिहून दिलंय तुमच्याकडं. आधी तो कागद परत द्या, न्हाईतर नवा आदेश लेखी द्या."

"ताई, तो फाईलला लागलाय. आता कुठं उकरत बसता?"

"मग मी चूळच भरायला लावीन."

लेखी काही आलं नाही. तिनंही हट्ट सोडला नाही. चूळ चालूच राहिली. आयुष्यात पहिल्यांदाच आपण कुणापुढं वाकलो नाही, असं तिला वाटत होतं.

मग एका सकाळी अक्षदाच्या धाकट्या बहिणीनं, स्वप्नानं, चूळ भरायला तोंड उघडलं. मागच्या दुधाच्या दाढेवर काळा ठिपका होता, मोहरीएवढा. यशोधरानं तिची हनुवटी धरून उजेडाकडं वळवली. कीड लागली होती. बयाबाईची नात. यशोधराला बरं वाटलं.

मग तिनं हनुवटी सोडली अन् पोरीच्या ओंजळीत पाणी ओतलं.

घरी आल्यावर ती सासूपाशी, कोंडाबाईपाशी, जाऊन बसली.

"आत्या, त्या एवढ्याशा पोरीची कीड बघून मला बरं वाटलं."

कोंडाबाई लसूण सोलत होती. तिचे हात थांबले.

"त्यांनी तुला तेवढं कडू करून ठिवलं," ती म्हणाली. "पर पोर त्यांची नाय गं, तुझ्या अंगणवाडीतली हाय."

दुसऱ्या दिवशी यशोधरा अंगणवाडीत गेली, पोरांना पायरीवर ओळीनं बसवलं, अन् पाण्याची बादली आत उचलून नेऊ का, ह्या विचारात तिथंच उभी राहिली. पोरं तोंडात फेस धरून तिच्याकडं बघत होती. शेवटी तिनं चूळ भरायला बादली पोरांपुढं सरकवली.