देवधरांच्या गाडीचं हिरवं कार्पेट

प्रिय निहार आणि ईरा,

निहारने परवा एक फोटो पाठवला. टोरांटोत नुकत्याच घेतलेल्या जुन्या गाडीचं विटलेलं कार्पेट, आणि खाली एक ओळ: "आजी, यावर काळा स्प्रे मारला तर चालेल ना?" चालणार नाही. का चालणार नाही, ते दोन ओळींत सांगता येत नाही. शिवाय निवृत्त होऊनही मी दर आठवड्याला गॅरेजमध्ये का जाते, हा प्रश्न ईराने बरेचदा विचारला आहे. म्हणून दोघांना एकच पत्र. वाक्यं लहान ठेवली आहेत. तुमचं मराठी वाचन कोणत्या वेगाने चालतं ते मला ठाऊक आहे.

मी 'केमिस्ट' होते एवढंच तुम्हाला माहीत आहे. मी औषधं विकत नव्हते. गाड्यांचं कार्पेट बनवणाऱ्या कारखान्यात मी कलर लॅब सांभाळायची. ग्राहक एक तुकडा द्यायचा आणि त्याच रंगाचं कार्पेट आम्ही हजारो मीटर काढून द्यायचो. तो रंग जुळला की नाही हे ठरवणारी मी. निवृत्तीनंतर हडपसरला बबनरावांच्या कुशनवर्कमध्ये जाऊ लागले. कुशनवर्क म्हणजे गाडीच्या सीट, छत, कार्पेट यांची दुरुस्ती. बबनराव शिवतात, मी रंगवते. ते मला मॅडम म्हणतात आणि शक्यतो माझं ऐकत नाहीत.

गेल्या वैशाखात एक जुनी सेडान आमच्या दारात उभी राहिली. चालवत होती मुक्ता, खराडीला आयटीत काम करणारी मुलगी. शेजारी तिची आई सुमनताई. मागे वडील, श्री. देवधर, कसबा पेठेत राहणारे गणिताचे निवृत्त शिक्षक. ते मागून गाडी पार्क करण्याच्या सूचना देत होते. गाडी आधीच पार्क झाली होती.

"काकू, हे बघा," मुक्ताने दार उघडलं.

कार्पेट एके काळी गर्द करडं असणार. आता खिडक्यांच्या बाजूला ते गुलाबीसर मातकट झालं होतं, आणि मॅटखाली तेवढं करडं उरलं होतं.

"डॉक्टरांनी डोळ्यांमुळे बाबांचं ड्रायव्हिंग बंद केलंय. आता ही गाडी मी चालवायची. ऑफिसचे तिघं माझ्याबरोबर येतात. त्यातल्या एकाने विचारलं, हिच्यात पुराचं पाणी शिरलं होतं का."

"मग तू काय सांगितलंस?" देवधर.

"हो म्हणाले. त्यातल्या त्यात तेच बरं वाटलं."

पुढचं मुक्ताने मला बाजूला घेऊन सांगितलं. नवी, उंच गाडी घेऊन ही विकायचं तिने जवळजवळ ठरवलं होतं. सोमवारी एक माणूस गाडी पाहायला येणार होता. अडचण आईची होती. सुमनताईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, पाय पुरता वाकत नाही. रिक्षात चढता येत नाही, उंच गाडीत तर नाहीच. या सेडानची सीट खाली आहे आणि खूप मागे सरकते. आधी बसायचं, मग पाय आत घ्यायचे. एवढं त्यांना कोणाच्या मदतीशिवाय जमतं. दर गुरुवारी त्या या गाडीतून हडपसरपलीकडच्या मांजरी गावाला बहिणीकडे जात. त्यांचं बाहेर पडणं म्हणजे तेवढंच.

"आतून ही माणसांची गाडी दिसली, तर मी ठेवीन," मुक्ता म्हणाली. "नवं कार्पेट मिळत नाही. कंपनीने मॉडेलच बंद केलंय."

रंगवण्याआधी मी ठरलेले प्रश्न विचारते.

"देवधर, यावर डाग कसले कसले आहेत?"

"एकही नाही. या गाडीत कोणी कधी काही खाल्लेलं नाही."

"खाऊ दिलं असतंत तर खाल्लं असतं," मुक्ता म्हणाली.

"चहा, उलटी, तेल?"

"आमच्या गाडीत कोणाला उलटी होत नाही."

"हिंमत होत नाही."

सुमनताई सीटवर शांत बसून होत्या. त्यांना मी काही विचारलं नाही. गाडीबद्दल देवधरांनाच विचारायचं असतं, असं का कोण जाणे, गृहीत धरलं जातं.

आता कामाकडे. आधी कार्पेटचा धागा कोणता ते पाहायचं. सीटखालून थोडे तंतू उपटायचे आणि पाण्याच्या पेल्यात बुडवून सोडायचे. तरंगले तर धागा पॉलिप्रॉपिलीनचा. तो रंग पितच नाही. त्याचा रंग धागा बनवतानाच आत घातलेला असतो. बुडाले तर नायलॉन असण्याची आशा. आमचे बुडाले. मग मी ते जाळूनही पाहिले. वासावरून नायलॉनच होतं. नायलॉनला गरम पाणी, ॲसिड डाय म्हणजे आम्लात मुरणारा रंग आणि थोडं व्हिनेगर दिलं की तो धाग्याच्या आत शिरतो आणि तिथेच राहतो. स्प्रेचा रंग आत शिरत नाही. तो वर बसतो, वाळून टोचतो आणि पायाला, कपड्याला लागतो. सुमनताई गाडीत बसताना पाय कार्पेटवरून ओढत आत घेतात, आणि नेसतात फिकट सुती साड्या. त्यामुळे स्प्रेचा प्रश्नच नव्हता.

दुसरी गोष्ट. करडा हा एक रंग नसतो. लाल, पिवळा आणि निळा मिसळून तो बनवतात. उन्हात त्यातला निळा आधी उडतो. राहतो तो गुलाबी मातकटपणा. म्हणून विटलेल्या करड्यावर पुन्हा करडा द्यायचा नसतो. जो गेला तोच द्यायचा, मुख्यतः निळा. लॅबमध्ये हे नव्या मुलांना समजायला वेळ लागायचा. बबनरावांना अजून समजलेलं नाही.

सीट काढल्या, कार्पेट बाहेर घेतलं, सौम्य शाम्पूने धुतलं. डिकीतल्या एका कोपऱ्यावर रंग करून पाहिला. मॅटखालच्या करड्याशी तो छान जुळला. मग पूर्ण कार्पेटवर रंग मारला, विटलेल्या जागी जास्त, बाकी नुसता हात फिरवून, ब्रशने मुरवला, वाफ दिली, धुतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बबनरावांचा फोन.

"मॅडम, या जरा. शेवाळ धरलंय."

गेले, तर कार्पेट सगळीकडे करडं झालं होतं. फक्त ड्रायव्हरच्या पायाशी आणि शेजारच्या सीटच्या पायाशी गडद हिरवे ठिपके होते. काही वाटाण्याएवढे, काही तळहाताएवढे.

"तुमचा रंग फसला," बबनराव म्हणाले. "काळा स्प्रे मारतो. दुपारपर्यंत गाडी तयार हाय. सोमवार गाठायचाय न्हवं?"

"थांबा."

"सोमवार थांबत न्हाई, मॅडम."

निळ्याचं हिरवं एकाच कारणाने होतं. खाली पिवळं असेल तर. मळकट करड्यात ते आम्हाला दिसलं नव्हतं. मी देवधरांना फोन लावला.

"कार्पेटवर डाग नाहीत म्हणाला होतात."

"नाहीतच."

"मग ब्रेकखाली पिवळं काय सांडलं होतं?"

"काहीही नाही. आपल्याकडून रंग बिघडला असेल, तर तसं स्पष्ट सांगावं."

मागून सुमनताईंचा आवाज आला. "अहो, हळद असेल."

"हळद हा डाग नाही," देवधर तिकडे वळून म्हणाले.

मी फोन सुमनताईंना द्यायला सांगितला.

"दसऱ्याला गाडीची पूजा करता?"

"दर वर्षी. गाडी नवी आली तेव्हापासून."

"आत कुठे हळद लावता?"

"बॉनेटला सगळेच लावतात. पण वेळेला वाचवतो तो ब्रेक. म्हणून ब्रेकला हळद आणि फूल. क्लचला नुसती हळद."

"ॲक्सिलरेटरला?"

"त्याला काही नाही. ह्यांना तेवढंही प्रोत्साहन पुरलं असतं."

"आणि शेजारच्या सीटच्या पायाशी?"

"तिथे पूजेचं ताट ठेवते. हळदीची वाटी कलंडते कधीतरी."

मी हिरव्या ठिपक्यावर धुण्याच्या सोड्याच्या पाण्याचा थेंब टाकला. तो तांबडा झाला. हळदीची हीच खूण आहे. कपड्यावरच्या हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो, ते यामुळेच.

हळद काढायचा उपाय प्रत्येक घरात माहीत आहे. उन्हात टाका. हळदीला ऊन सोसत नाही. पेडलच्या अंधारात ती इतकी वर्षं टिकली, कारण तिथे ऊन पोचतच नाही. प्रश्न एवढाच होता की हळदीबरोबर माझा निळाही उडेल का. तो कारखान्यात वापरायचे त्या जातीचा होता, म्हणजे त्याने ऊन सोसायला हवं. 'सोसायला हवं' यावर लॅबमध्ये कोणी सही करत नाही. म्हणून डिकीतल्या रंगवलेल्या तुकड्याचा अर्धा भाग मी फॉइलने झाकला आणि तो बरोबर उन्हात ठेवायचं ठरवलं. दोन्ही अर्धे सारखे राहिले, तर निळा सुरक्षित.

यासाठी दिवस लागणार होते. मुक्ताला फोन करणं भाग होतं.

"किती दिवस, काकू?"

"ते उन्हावर आहे."

"अशी डिलिव्हरी डेट आमच्याकडे कोणी दिली तर त्याला घरी पाठवतील."

"आमच्याकडेही. तरी मी तीच देते आहे. सोमवारच्या माणसाला आठवडाभर थांबवता येईल का?"

ती म्हणाली, "काल गुरुवार होता. आईला कॅबने मांजरीला नेलं. उतरवायला मी आणि ड्रायव्हर, दोघं लागलो. रात्री आई म्हणाली, आता मावशीलाच इकडे बोलवत जाऊ." "त्या माणसाला मी नंतर या म्हणून सांगते. तुम्ही ऊन द्या."

बबनरावांच्या अंगणात हायवेची धूळ. म्हणून टेंपो करून कार्पेट आमच्या सोसायटीच्या गच्चीवर नेलं. तिथे कुरडया वाळत होत्या. आमचे सेक्रेटरी वर आले.

"वहिनी, गच्ची फक्त वाळवणासाठी आहे."

"वाळवणच आहे."

"कशाचं?"

"गाडीचं."

ते कार्पेटकडे आणि कुरडयांकडे पाहत राहिले. दोन्हींत हातभर अंतर ठेवा, एवढं सांगून खाली गेले.

रोज संध्याकाळी मी फॉइल उचलून पाहायची. पहिल्या दिवशी काहीच फरक नव्हता. मग ठिपक्यांच्या कडा करड्या होऊ लागल्या. लहान ठिपके आधी गेले. ब्रेकखालचा मोठा डाग हटून बसला होता. तो एका दुपारी शेवाळी झाला, मग राखाडी, मग शोधावा लागला. फॉइलखालचा अर्धा आणि बाहेरचा अर्धा, यांत मला फरक दिसला नाही. बबनरावांनाही दिसला नाही, आणि फरक सापडावा अशी त्यांची मनापासून इच्छा होती.

कार्पेट परत बसवलं. पांढरा रुमाल ओला करून मी त्यावर जोरात घासला. रुमाल पांढराच राहिला. मग देवधर कुटुंबाला बोलावलं.

सुमनताई रिकाम्या सीटजवळ गेल्या. पाठ करून बसल्या, पाय एकेक करून आत घेतले, साडी सावरली. कोणी हात दिला नाही. त्यांनी मागितलाही नाही.

मुक्ताने आत वाकून चारी कोपरे पाहिले. "ठीक आहे," ती म्हणाली. पुण्यात यापेक्षा वरचं प्रमाणपत्र नाही. मग तिने तिथेच उभं राहून त्या माणसाला फोन केला आणि गाडी विकायची नाही असं सांगितलं.

देवधर म्हणाले, "मूळ रंगापेक्षा किंचित निळं वाटतं."

"डॉक्टरांनी तुमचे डोळे अधू आहेत म्हणून सांगितलं ना?" मी विचारलं.

"लांबचे. जवळचं मला नीट दिसतं."

त्यांचं बरोबर होतं. किंचित निळं होतंच. मी तसं कबूल केलं आणि त्यांचा दिवस चांगला गेला.

तेव्हा निहार, तंतू आधी पाण्यात टाक. तरंगले तर रंगाचा नाद सोड. बुडाले तर मला कळव. आणि गाडी ज्याच्याकडून घेतलीस त्याला डाग कुठे आहेत असं विचारू नकोस. डाग कशाला म्हणायचं हे ज्याचं त्याने ठरवलेलं असतं. गाडीत काय काय आणलं, कुठे ठेवलं, प्रेमाने काय लावलं, ते विचार. आणि घरातल्या सगळ्यांना विचार.

देवधरांची गाडी अजून चालते. गेल्या गुरुवारीही ती मांजरीला जाऊन आली. चालवायला मुक्ता, पुढे सुमनताई, मागे देवधर. कार्पेट करडंच आहे.

तुमची आजी