म्हाताऱ्या पिचरच्या बदल्यात

दोन हजार सहाच्या सुमारास मी मिठबावला घरी बसून बँकेच्या परीक्षांचा अभ्यास करत होतो, म्हणजे घरच्यांची तशी समजूत होती. कॉम्प्युटरही त्याचसाठी घेतला होता. त्यावर लावायला मी कणकवलीहून क्रिकेटचा गेम म्हणून एक सीडी आणली. कव्हरवर बॅट होती, तेवढंच मी बघितलं. घरी येऊन लावली तर बेसबॉल. परत करायची तर दोन एसट्या बदला, वर दुकानदारापुढे शोभा. त्यापेक्षा बेसबॉल परवडला.

त्यात फ्रँचायझी मोड नावाचा प्रकार होता. आख्खी टीम आपल्या ताब्यात. कोणाला खेळवायचं, कोणाला बसवायचं, कोणाला दुसऱ्या टीमला देऊन त्यांचा माणूस घ्यायचा, सगळं आपण ठरवायचं. सीझन एकशे बासष्ट मॅचेसचा. मी हिरव्या टोपीची टीम घेतली, कारण टोपी आवडली, आणि पहिल्या अकरा मॅचेस ओळीने हरलो. हरणार नाही तर काय, मी चेंडू तटवत होतो. एकदा चेंडू विकेटकीपरच्या डोक्यावरून मागे प्रेक्षकांत गेला तेव्हा मी खुर्चीतून उठून, हात हलवून, चौकार दिला. त्याला फाऊल म्हणतात आणि त्याचं काहीही मिळत नाही, हे कळायला आणखी चार दिवस गेले. शिवाय आमचा सगळ्यात चांगला पिचर, म्हणजे त्यांच्याकडचा बोलर, मी रोज उतरवला. सातव्या दिवशी त्याचा खांदा निखळला.

हे सगळं माझ्या मागे खुर्ची टाकून बघायचे शेजारचे काका. चाळीस वर्षं ते रापणीचे तांडेल होते. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं भलंमोठं जाळं; पन्नास माणसं दोन्हीकडून दोरीला लागतात आणि कधी ओढायचं ते तांडेल सांगतो. आदल्या वर्षी काकांचा गुडघा धरला, तेव्हा पुतण्यांनी सांगितलं, काका, आता घरी आराम करा. अगदी प्रेमाने सांगितलं, म्हणून जास्त लागलं. तेव्हापासून ते किनाऱ्याकडे फिरकले नव्हते. दुपारी जेवून आमच्याकडे यायचे आणि लोडशेडिंग होईपर्यंत अमेरिका बघायचे.

काकांना इंग्रजी येत नव्हतं आणि मला बेसबॉल, त्यामुळे आमचं जमलं. पिचर दमला की त्याच्या नावापुढची पट्टी लाल होते हे त्यांनीच पहिल्यांदा हेरलं. "काल दोरी ओढलेल्याक आज परत लावतंस कित्याक रे?" एवढंच म्हणाले. मग आम्ही रापणीच्या नियमाने पाच पिचर पाळीपाळीने उतरवायला लागलो, बाकावर बसलेल्यांनाही पाळी दिली, आणि चक्क जिंकायला लागलो. ही युक्ती मी शोधून काढली असं मी मित्रांना सांगत असे.

त्या पाचांत एक म्हातारा होता. चाळिशी उलटलेला, मिशीवाला, पोट सुटलेला. त्याचा चेंडू इतका सावकाश जायचा की मधे चहा घेऊन यावा. पण समोरचा बॅट आधीच फिरवून बसायचा आणि आऊट व्हायचा. काका त्याच्यावर फिदा होते. "तो जोर लावणा नाय, येळ बघता," म्हणायचे. दर पाचव्या दिवशी त्याची पाळी असे, त्या दिवशी काका धुतलेला शर्ट घालून यायचे.

अन् मी काय करावं? काका दोन दिवस लेकीकडे देवगडला गेले तेवढ्यात मी त्या म्हाताऱ्याला लाल टोपीच्या टीमला देऊन टाकला आणि एक तरणाबांड होमरनवाला घेतला. बोकडदाढी, मांडीएवढे दंड. त्याने दोन दिवसांत पाच चेंडू मैदानाबाहेर टाकले. मी घरात एकटाच नाचलो.

काका आले, नवीन गड्याला बघून खूशही झाले. म्हाताऱ्याच्या पाळीच्या दिवशी विचारलं, म्हातारो खंय? मी सांगितलं, रजेवर. त्यांना ते पटलं. माझं नशीब असं की दुसऱ्याच दिवशी मॅच लाल टोपीवाल्यांशी, आणि त्यांच्याकडून पिचिंगला आला तोच. काकांनी चष्मा पुसला.

"झिला, ह्यो आपलो म्हातारो मां?"

मी म्हटलं, तसोच दिसता. तोवर म्हाताऱ्याने आमच्या होमरनवाल्याला तीनदा आऊट केलं होतं आणि काका दर वेळी मांडीवर थाप मारत होते. शेवटी मी कबूल केलं की त्याला देऊन टाकलाय.

"तेका इचारलंस?"

विचारायचं नसतं, बटण असतं, असं मी म्हणालो. अजून आठवलं की कान गरम होतात. काका गुडघ्यावर हात टेकून उठले, "येतंय" म्हणाले आणि गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्याही नाही. मी त्यांच्या अंगणावरून तीनदा कारण नसताना गेलो. ते माझ्याकडे पाठ करून बसलेले.

खेळातला जुलै संपला की अदलाबदल बंद होते, आणि खेळात दोनच दिवस उरले होते. मी घाबरत घाबरत लाल टोपीवाल्यांना विचारलं, म्हातारा परत हवा, काय घ्याल? मला वाटलं, निम्मी टीम मागतील. कॉम्प्युटरने आमच्या खालच्या टीममधला, म्हणजे राखीव पोरांतला, एक पोरगा घेतला आणि म्हातारा देऊन टाकला, घासाघीसही केली नाही. इतका स्वस्त सुटलेला माणूस काकांपुढे कसा नेऊ? म्हणून मी त्यांच्या अंगणात उभा राहून सांगितलं की ते सोडूकच तयार नव्हते, शेवटी होमरनवाला आणि आणखी दोन जवान गडी दिले तेव्हा कुठे सोडला.

"एकासाठी तिघे?" काका म्हणाले, आणि शर्ट बदलायला आत गेले.

थाप मारणं सोपं, सांभाळणं कठीण. देऊन टाकलेला होमरनवाला आता टीममध्ये दिसून चालणार नव्हता. त्याला मी खालच्या टीममध्ये लपवला. आणखी दोन बरे गडीही त्याच्या मागून पाठवावे लागले, कारण तीन म्हणालो होतो. सीझनचे उरलेले दोन महिने माझे तीन उत्तम खेळाडू माझ्या जिभेपायी घरी बसून होते. तरीही, पाळीपाळीने, रखडत आम्ही शेवटच्या मॅचपर्यंत पोहोचलो. जिंकलो तर प्ले-ऑफ, हरलो तर घरी. पिचिंगला म्हातारा.

त्याने फक्त एक रन दिला. आम्ही शून्यावर. शेवटचा डाव, दोघे आऊट, तिसरा झाला की खेळ खलास, एक गडी बेसवर, आणि बॅटिंगला पाळी म्हाताऱ्याचीच. अशा वेळी पिचरच्या जागी दुसरा बॅटवाला पाठवता येतो. यादी उघडली तर सगळ्यात वर बोकडदाढी; त्याला मी आदल्या दिवशी गुपचूप वर आणून ठेवला होता, असावा म्हणून. एक बटण, आणि कदाचित प्ले-ऑफ. यादी पुढे येताच मी खोकलो आणि खांदा आडवा घालून ती झाकली. काका खुर्चीच्या टोकाला आले होते.

"तेका काढू नको हां."

मी यादी बंद केली. म्हाताऱ्याने तीन चेंडूंवर तीनदा हवेत बॅट फिरवली, आऊट झाला आणि आमचा सीझन संपला.

"शेवटपर्यंत ओढल्यान," काका म्हणाले. त्यांचे डोळे चमकत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते वर्षाने किनाऱ्यावर गेले, ही बातमी द्यायला. मी पोहोचलो तेव्हा रापण पाण्यात होती आणि काका पुतण्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगत होते की अमेरिकेत एका म्हाताऱ्यासाठी तीन जवान मोजावे लागले. थोरल्या पुतण्याने मला विचारलं, खरा काय रे?

"खरा," मी म्हटलं. "ते चौथो मागी होते."

"हेच्या हातात रापण दिल्यात तर होडी देऊन दोरी घेऊन येतलो," पुतण्या म्हणाला. दोरीवरची सगळी माणसं माझ्यावर हसली, काका सगळ्यांत मोठ्याने. मग हसता हसता त्यांनी पाण्याकडे बघितलं, हसू थांबवलं आणि ओरडून सांगितलं की आता ओढा. पुतण्याने एकदा त्यांच्याकडे बघितलं, आणि ओढायला लागला.