बारावी खुर्ची
बाळांनो, आज कूलरला नवा वाळा लावला आणि त्या ओल्या वासाने एक जुना पवित्र गुरुवार आठवला. तो तुम्हाला सांगायलाच हवा, कारण इतक्या दुरून तुम्हाला आमच्या भक्तीचं फार कौतुक वाटतं. येशूने शिष्यांचे पाय धुतले, म्हणून त्या दिवशी चर्चमध्ये फादर बारा जणांचे पाय धुतात. त्या वर्षी बारांत मी होते, आणि चर्च झाडणारी बाईही होती. आम्ही अकरा जण घरून चंदनाच्या साबणाने पाय घासून आलो होतो. ती अंगण झाडून थेट आली, टाचांच्या भेगांत धूळ घेऊन. महिला मंडळाच्या अध्यक्षा तिला म्हणाल्या, "ऊठ वं, असे पाय घेऊन बसतात का इथं?" ती म्हणाली, "काहून उठू, बाई? फादरनंच बोलावलं मले. तुम्ही त सारे घरूनच पाय धुवून आले, मंग फादर काय धुतीन?" कोणीतरी हसलं. तरी तिला उठवलंच, आणि तिथे अध्यक्षांची वहिनी बसली. फादर आले तेव्हा, झाडणाऱ्या बाईला बरं वाटत नव्हतं म्हणून ती उठून गेली, असं वेदीसमोर धडधडीत खोटं सांगितलं गेलं. मग प्रेमाच्या आज्ञेवर प्रवचन झालं आणि आम्ही ते माना डोलावत ऐकलं. मला अजून संताप येतो, सगळ्यात जास्त माझाच, कारण मी तिच्या शेजारच्या खुर्चीत गप्प बसले होते. बाराव्या माणसापर्यंत घंगाळातलं पाणी नितळच राहिलं. तेव्हा आठवण म्हणून प्रत्येकाला दिलेला पांढरा नॅपकिन माझ्या कपाटात आहे, घडीही न मोडलेला.