मावशीची पिन

भूमहून वाशीला जाणाऱ्या सकाळच्या एसटीत ती मावशी रोज माझ्याच शेजारी येऊन आदळते. शाळेत खिचडी शिजवते आणि तिथं पोचेपर्यंत शिव्या घालते. न सरकणारी खिडकी, कंडक्टर, सून, कुणालाच सोडत नाही. तिची कटकट ऐकू येऊ नये म्हणूनच मी इअरफोन घेतले. तर वायर ओढणीला घासली की कानात नुसती खरखर! गाणं राहिलं बाजूला. परवा मी संतापून वायरच हिसडली.

"तिच्यावर कशाला राग काढायलीस?" मावशी खेकसली.

"ओढणीला घासली की कानात लई खरखरतंय, मावशी!"

"हालतंय म्हणून वाजतंय. मग बांध की तिला!"

मला विचारलंसुद्धा नाही. झुमक्याचा वेल अडकवावा तशी तिनं वायर माझ्या कानावरून मागं घेतली, बांगडीतली पिन काढली आणि वायर जरा सैल सोडून पिनेनं ओढणीला अडकवली. वर "आता बस गप," असा दम दिला.

खरखर गेली. गाणं स्वच्छ ऐकू यायला लागलं. शेजारी मावशीचं तोंड मात्र चालूच होतं. हात आधी खिडकीकडं, मग कंडक्टरकडं, मग चक्क माझ्याकडं! माझं डोकंच फिरलं. कानातलं बोंड उपटून मी ओरडले, "मला काय म्हणालात?"

मावशीनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"तुला ऐकवायचं असतं, तर माझी पिन कशाला घालवली असती?"