ट्रॅक्टरची कुरकुर

चिकूच्या बागेतला आमचा छोटा ट्रॅक्टर म्हातारा झालाय. गिअर नाहीत त्याला, तेलाच्या दाबावर चालतो, आणि हल्ली फार कण्हतो. आमच्या ह्यांनी तेल बदललं, बॉनेटखाली रबर बसवलं. मग चालू इंजिनाला स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवून, मूठ कानाशी धरून, डोळे मिटून ऐकत बसले. इतकं मन लावून माझं कधी ऐकलं होतं, सांगा बरं! माझा मेला जळफळाट. जीव जडला की कुरकुरही ऐकावीशी वाटते, नाहीतर तीच कटकट होते.

"झाला शांत," म्हणत ह्यांनी इंजिन बंद केलं. मी चहाचा कप घेऊन उठले, तर गुडघा कडकन वाजला.

"अगं, बंद केला तरी वाजतोय!" हे पुन्हा बॉनेटखाली वाकले.

"अहो, इकडे बघा," मी म्हटलं. "तेल इथं लावायचंय."